समोर येऊन बोला

खडा माझ्या डाव्या घोट्याला लागला, म्हणजे पाठीमागे गिऱ्हाईक उभं होतं. मी हात फडक्याला पुसले आणि सावकाश वळलो, जणू मला केव्हाचंच माहीत होतं.

"काय युवराज, आज लवकर?"

"दोनदा हाक मारली चाचा."

"ऐकली की. तुज्यासाठी हातातला नट सोडू का काय?"

तो हसला. दाराशी सरदारबी, माझी बायको, मान खाली घालून मेथी निवडत होती. तिच्या मांडीशी डालड्याचा जुना डबा आणि त्यात बारीक खडे. एक खडा म्हणजे मागे कोणीतरी आलंय, दोन म्हणजे फोन वाजतोय. दोन वर्षांत तिचा एकही नेम चुकलेला नाही.

आता सांगूनच टाकतो. मी बहिरा झालोय. ठार नाही. जाड आवाज येतात: ट्रक, ट्रॅक्टर, माझा साडू. बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी गेली, फोन गेला, नातीचं बोलणं गेलं. माणूस समोर असला की त्याच्या ओठांवरून भागवतो. सरदारबीचा आवाज येतो असं मी तिला सांगितलं होतं. धाराशिवच्या डॉक्टरांनी कानात बत्ती घालून पाहिलं आणि म्हणाले, चाळीस वर्षं इंजिनात डोकं घातल्यावर दुसरं काय होणार, यंत्र लावा. मी बरं म्हणालो, घरी आलो आणि त्यांचा कागद ट्रंकेच्या तळाशी घातला.

का घातला ते येडशीत कोणालाही विचारा. मला इथे कानवाला मिस्त्री म्हणतात. रस्त्यावरून जीप गेली की मी दुकानात बसल्या बसल्या सांगायचो, तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट ढिला आहे. लोक पैजा लावायचे, बोनेट उघडायचे आणि तोंडात बोटं घालायचे. आता कानवाल्या मिस्त्रीला कानच नाहीत म्हटल्यावर गाडी घेऊन कोण येणार? आणि मला दुसरं येतं काय? सरदारबीला ही लपवाछपवी पटली नव्हती. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी खडे गोळा करून दाराशी येऊन बसली. घरात आम्ही आमच्या दखनीत बोलतो, पण इथे सगळं मराठीतच सांगतो.

युवराज तेर गावचा. त्याच्या वडिलांच्या, बलभीमरावांच्या, तिन्ही जीपा माझ्याच हातून गेल्या. या पोराने फोर-बाय-फोर घेतली, लाल, हुडाची, माळावर उड्या मारणारी. तिच्यात दम कमी पडतो म्हणून पुण्याहून लाकडी खोक्यातून सुपरचार्जर आणला. पुण्याचे लोक म्हणाले, गाडी महिनाभर ठेवून जा. बलभीमराव म्हणाले, चाँदपाशाशिवाय इंजिनला कोणी हात लावायचा नाही. म्हणून ते खोकं माझ्या पुढ्यात आलं.

असलं यंत्र मी आयुष्यात बसवलं नव्हतं. पण भ्यायलो नाही. माझी सुरुवात रॉकेलच्या स्टोव्हपासून झाली. सायकलवर पेटी बांधून गावोगाव फिरायचो, लोहाऱ्याला सरदारबीच्या बापाचा स्टोव्ह मीच दुरुस्त केला आणि पुढे त्याची पोरगीही मलाच दिली. स्टोव्हला पंप मारला की हवेच्या दाबाने ज्योत निळी होते. हे त्याच जातीचं. इंजिनच्या पट्ट्यावर फिरतं, हवा दाबून आत कोंबतं. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. नऊ दिवस लागले. दोन ठिकाणी ब्रॅकेट बसेना, ते मी कानसून बसवलं. जुना पट्टा आखूड पडला. त्यांनी दिलेला लांब पट्टा घातला आणि तो ताणून धरायला त्यांचीच नवी पुली लावली. एकच पट्टा, पण सुपरचार्जर त्यावर, पाण्याचा पंप त्यावर, स्टिअरिंगचा पंपही त्यावरच.

रविवारी तेरच्या अलीकडच्या माळावर गाड्यांची शर्यत होती. दगडांचा उभा चढ, आणि चढाच्या डाव्या अंगाला खोल घळ. शनिवारी सकाळी इंजिनचा कॉम्प्युटर जुळवायला पुण्याहून मल्लिनाथ नावाचा माणूस लॅपटॉप घेऊन आला. युवराजचे तीन दोस्त मोबाइल उगारून उभे राहिले. मल्लिनाथने गाडीला वायर जोडली आणि युवराजने चावी फिरवली.

सगळ्यांचे चेहरे एकदम खुलले. एकाने कानांवर हात ठेवले, दुसरा नाचायलाच लागला. युवराज माझ्याकडे बघून ओरडला, "चाचा, शिट्टी! काय शिट्टी मारतंय!"

मी मान डोलावली. मला नुसती इंजिनची घुरघुर येत होती. नऊ दिवस ज्याच्यासाठी पाठ मोडली, त्याचा आवाज सगळ्यांना होता आणि मला नव्हता. मला रडू येत होतं, खरं सांगतो. मी तोंड फिरवलं आणि लांब पेचकस उचलला.

पेचकसाचं टोक चालत्या यंत्राला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, ही आमची जुनी रीत. आत काय चाललंय ते कळतं. दोन वर्षांपासून मी मूठ कानाला लावत नाही, दातात धरतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्याची लकब आहे. पण दातातून डोक्यात जे येतं ते कानाला कधी आलं नव्हतं. पाण्याचा पंप बघितला, ठीक. स्टिअरिंगचा पंप ठीक. सुपरचार्जरची थरथर सरळ होती, एकसारखी. मग टोक त्या नव्या पुलीच्या बोल्टाला टेकवलं आणि भाकरीत खडा लागावा तसं झालं.

पुन्हा टेकवलं. पुन्हा तेच.

"बंद कर," मी म्हणालो.

"का?" युवराज म्हणाला.

"पुली खराब हाय."

मल्लिनाथ लॅपटॉपवरून उठला. माणूस वाईट नव्हता, हसून बोलत होता. "मिस्त्री, पुली नवी कोरी आहे. काल तर तुम्हीच खोक्यातून काढली. इथे बघा, सगळे आकडे बरोबर आहेत."

"आकड्यात दिसत न्हाय ते. बेअरिंग खरखरतंय."

"आता एवढं शिट्टी मारत चालतंय आणि…"

मी वाकून चावी काढली आणि खिशात घातली. गाडी गप्प झाली. मी पुन्हा बोनेटमध्ये वाकलो, पुलीवर बोट फिरवत राहिलो. सरदारबी सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेली होती. म्हणून खडा आला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मी सरळ झालो, वळलो, तर सगळे माझ्याकडे बघत होते. मल्लिनाथ माझ्या पाठीशी हातभर अंतरावर उभा होता. एका दोस्ताच्या हातातला मोबाइल माझ्यावर रोखलेला.

युवराज पुढे आला. "चाचा," तो म्हणाला, आणि पुढचं मी त्याच्या ओठांवर वाचलं, "तुमाला ऐकू येत न्हाय?"

"चारदा हाक मारली मी," मल्लिनाथ म्हणाला. मोबाइलवाला फिदीफिदी हसला.

दाराशी सरदारबी चहाचा ट्रे घेऊन थांबली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. दोन वर्षं जिच्या जिवावर मी तरलो तिला वाटलं, आपण उठलो म्हणून हे झालं. तिचा तो चेहरा बघितला आणि माझं टाळकंच सरकलं. चोरी केली होती का आम्ही कोणाची?

"व्हय!" मी म्हणालो, आणि मोठ्यानेच म्हणालो असणार, कारण पलीकडच्या टपरीवरची माणसं उठून आली. "बहिरा झालोय म्या. दोन वर्सं झाली. तुमची शिट्टी म्या ऐकली न्हाय. घ्या, काढा फोटू! पन ही पुली अडकनार हाय, आन पुली अडकली की पट्टा तुटनार. पट्टा तुटला की स्टिअरिंग दगड व्हतंय. आन त्या वक्ताला हे पोरगं घळीच्या कडंला असनार. म्या त्याला एवढा असल्यापासून बघतोय. चावी देत न्हाय. कुनाला पायजे असंल तर माज्या खिशात हात घालावा."

मोबाइलवाल्याने मोबाइल खाली घेतला.

मल्लिनाथ हळू काहीतरी म्हणाला. "समोर येऊन बोल," मी म्हणालो. तो समोर आला. "ऐकू येत नाही तर तुम्हाला कळलं कसं, एवढंच विचारतोय," तो म्हणाला.

प्रश्न रास्त होता. मी पेचकसाची मूठ सदऱ्याला पुसली आणि युवराजपुढे धरली.

"चाव."

"काय?"

"दातात धर. घट्ट."

दोस्त खिदळले. युवराजने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. महागाचा गॉगल डोक्यावर, पांढरेशुभ्र बूट पायात. पण बलभीमरावांचं रक्त आहे ते. त्याने ती तेलकट मूठ दातात धरली. मी मल्लिनाथला चावी दिली, त्याने गाडी चालू केली. आधी मी टोक पाण्याच्या पंपाला टेकवलं. "हे चांगलं," मी म्हणालो. मग पुलीला टेकवलं. "आन हे?"

युवराजचे डोळे मोठे झाले. त्याने पेचकस तोंडातून काढला, थुंकला आणि पुन्हा दातात धरला. दोस्तांचं हसणं बंद झालं होतं.

"खरखरतंय," तो म्हणाला. "आयला, खरंच खरखरतंय."

मल्लिनाथने न सांगता हात पुढे केला. रुमालाने मूठ पुसली आणि चावली. मग त्यानेच गाडी बंद केली आणि लॅपटॉप मिटला.

पुली काढली. हातावर फिरवली तर अडत अडत फिरत होती. बेअरिंगची झाकणी उचकटली, आत ग्रीसचा ठिपका नाही, कोरडं ठणठणीत. कुठे घडलं, कोणाच्या हातून राहिलं, देव जाणे. मल्लिनाथ म्हणाला, दुसरी पुली पुण्याहून मागवायला तीन दिवस जातील, शर्यत सोडावी लागेल. मी बेअरिंगवरचा नंबर वाचला आणि हसलो. बासष्ट शून्य तीन! शेतातल्या पाण्याच्या मोटारीत बसतं तेच. माझ्या फळीवर दोन नवी पडून होती.

अर्ध्या तासात पुली परत बसली. गाडी चालू झाली. पेचकस दातात धरून मी सगळीकडे फिरलो, कुठेही खडा लागला नाही. युवराजने माझे पाय धरले. मी सरदारबीकडे गेलो. तिच्या ट्रेमधला चहा केव्हाच गार झाला होता.

"कसा वाजतोय गं?" मी विचारलं.

ती माझ्या अगदी समोर उभी राहिली. "लोहाऱ्याच्या स्टोव्हसारखा," ती म्हणाली. "पिन मारल्यावर पेटला होता ना, तसा."

मग मला कळला.

रविवारी युवराजचा तिसरा नंबर आला. बंपर चेपला, पट्टा शाबूत राहिला, पोरगं धड परत आलं. तिथल्या माइकवर पुण्याच्या यंत्राचं नाव घेतलं म्हणे, माझं नाही. मला त्याचं काही नाही. पण माझा तो ओरडतानाचा व्हिडिओ तोवर गावभर झाला होता. सोमवारी एक जण दुकानासमोरून मोटारसायकल हळू करून गेला, ओठ हलवत, नुसतेच, मला ऐकू येतंय का बघायला. माझं गेली सहा वर्षं हक्काचं गिऱ्हाईक असलेला एक टेम्पोवाला पुढच्या गॅरेजला वळला. वळू दे.

मी लाल रंगाचा डबा आणला. पाटीवर वर 'चाँदपाशा मिस्त्री' होतंच. त्याखाली माझ्याच हाताने लिहिलं: मिस्त्रीला ऐकू येत नाही. समोर येऊन बोला. अक्षर वाकडं आलं, पण रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं. सरदारबीने दोनदा वाचलं आणि रंगाचा डबा उचलून आत ठेवला.

गुरुवारी दुसराच एक टेम्पो आला. मालक पाटी वाचून सरळ माझ्यासमोर आला, काय दुखतंय ते सांगितलं आणि गाडी सोडून गेला. दुपारी मी टेम्पोखाली निजून काम करत होतो. इंजिन बंद होतं. तेवढ्यात घोट्याला खडा लागला.

सरपटत बाहेर आलो. गिऱ्हाईक नव्हतं. फोनही वाजत नव्हता. सरदारबी दाराशी दोन कप चहा घेऊन बसली होती.

"आता कशाला खडं मारतीस?" मी म्हणालो. "समद्या गावाला ठावं झालंय. सरळ हाक मार की."

तिचे ओठ हलले. मला कळलं नाही. मी उठलो, तिच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"मारली होती," ती म्हणाली. "तीनदा."

मी पाट ओढला आणि तिच्या समोर बसून चहा प्यालो.