बहात्तर पायऱ्यांचं गाऱ्हाणं

"खुर्ची सपाट धरा रे मेल्यांनो," गणपतराव ओरडले. "बाईमाणूस आसा, मतपेटी न्हय!"

चौघा पोरांनी सुगंधाला प्लास्टिकच्या खुर्चीतून चिऱ्यांच्या बहात्तर पायऱ्या उतरवून देवळात आणलं. आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच घरातून खाली आली होती. पायऱ्या उतरणं तिला जमलं असतं. पण उतरलं की चढावं लागतं, म्हणून तिच्या नवऱ्याने, गणपतरावांनी, उतरणंच बंद केलं होतं.

गोव्याच्या डॉक्टरने चित्र काढून समजावलं होतं. फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन साठत गेलं, भिंती जाड आणि ताठ झाल्या. त्यातून रक्त ढकलताना हृदय थकतं. चढ टाळा. रसिका, त्यांची मुलगी, तिथल्या तिथे म्हणाली होती, "आये, कुडाळाक ये. खोली तळमजल्याक आसा."

"घोव जितो असताना चेडवाकडे? लोक काय म्हणतले?" गणपतराव म्हणाले होते. लोकांना कोणी विचारलं नाही.

गुरव नारळ घेऊन उभा राहिला. गणपतरावांनी गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"हिका जो काय दम लागता, तो दूर कर, आणि पयल्यासारखी पायऱ्यो चढूची ताकद दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गुरवाने नारळ उचलला. तो फुटला की गाऱ्हाण्यातला शब्द मागे घेता येत नाही.

"थांब," सुगंधा म्हणाली. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, पण नाही म्हणायचं कोणी हे ठरेपर्यंत तिने सुरुवात केली होती.

"बा देवा म्हाराजा..."

तिला दम लागला. ती थांबली की मंडळी सवयीने ओ देत.

"व्हय म्हाराजा!"

"त्या घरात मी... चाळीस वर्सां काढलंय..."

"व्हय म्हाराजा!"

"आता वर गेलंय तर... जिती खाली येवचंय नाय..."

"व्हय म्हाराजा!" आवाज जरा उतरला.

"म्हणान आजपासून... मी रसिकाकडे रवतलंय..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज गणपतरावांचा होता. पन्नास वर्षांची सवय. तोंड मिटायच्या आत गुरवाने नारळ फोडला.

गणपतराव देवाकडे बघत राहिले, जणू त्यानेच शब्द फिरवला होता.

खुर्चीचा पुढचा पाय धरणारा देवेश खाली वाकला. त्याने गणपतरावांकडे पाहिलं, मग सुगंधाकडे वळला.

"काकी, खंय न्हेव? वर, काय कुडाळाक?"