शालूबाईंच्या दारावरचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. कोल्हापुरात शालूबाईंच्या घरी, झोपायच्या खोलीच्या दारावर असतो. त्यांनीच मला मशीनवर शिवलं.

शालूबाई नगरसेविका होत्या. खराब रस्त्यांवरून पेपरवाल्यांनी बातम्यांतून त्यांना पुष्कळ झोडपलं. ‘त्यांचं कामच हाय की ते,’ म्हणून त्या हसायच्या. पण आजारपणात केस गेले, तेव्हा मला ओढून घेत मुलीला म्हणाल्या, ‘संयोगिता, हे बोडकं डोकं कुणाला दिसू द्यायचं न्हाय.’

त्या गेल्या. अंगणात शेवटची अंघोळ घालायला बायकांनी मला काढलं आणि आडोसा म्हणून धरलं.

मित्रांनो, भिंतीवरच्या पालीचा मला राग नाही. ती लपूनछपून येते, पण पाहुण्याचं सोंग घेत नाही. त्या दिवशी एकाने गळ्यातलं ओळखपत्र खिशात सरकवलं आणि तो आत आला. दुःखाच्या घरी नाव कोण विचारतं? ‘पावणं, बसा,’ कुणीतरी म्हणालं. जरा वेळाने तो मोबाईल उंच धरून माझ्याभोवती घुटमळू लागला. बायकांचे हात भरून आले, तरी त्या मला वर वर धरत गेल्या. शेवटी कंटाळून तो म्हणाला, ‘येतो, मावशी.’

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मयताच्या घरून निघताना ‘येतो’ कुणी म्हणत नाही. न बोलता उठायचं असतं.

‘आत्ता गं बया! परत येतंय म्हणं! कुणाचं पावणं हाय हे?’ संयोगिताच्या बाळाबाई आत्या कडाडल्या.

‘पत्रकार हाय मी. बाई कशानं गेल्या, लोकांना कळाय नको व्हय?’

माझ्याआडून संयोगिता म्हणाली, ‘आईनं महापालिकेत काय केलं ते विचारा, सगळं सांगते. अंघोळीचं काय विचारताय?’

त्याने मोबाईल खिशात टाकला. तो गाडीवर बसून निघून गेला.

संध्याकाळी व्हिडिओ आला. त्यात फक्त मी होतो. माझ्या विटक्या फुलांभोवती लाल गोल आणि वर ठळक अक्षरं: ‘पडद्यामागे दडलंय काय?’ एवढ्या अकलेवर हे लोक सत्य शोधायला निघतात!

मयताच्या अंघोळीला वापरला म्हणून आत्या मला टाकून द्या म्हणत होत्या. संयोगिताने धुऊन परत दारावर लावलं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी पुढे पत्रकार झालं, तर खुर्चीवरच्या माणसाचा कारभार खुशाल उकरा. घरातल्या पडद्यापाशी आलात की मात्र बाहेरून हाक मारा, आणि नको म्हटलं तर मागे फिरा. त्या दिवशी माझ्यामागे काय दडलं होतं, तेही सांगतो. एक मुलगी आईच्या डोक्यावर पाणी घालत होती.