दातांमधला वारा

दात काढले तेव्हा काकूंना वाटलं होतं, गेली एकदाची ब्याद. पातळसातळ खाऊ, त्यात काय! पण दातांबरोबर बोलणंही जाईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. च नुसता फसफसायचा, स ओठांवरून सांडायचा. ळ मात्र धडधाकट उरला. त्या बिचाऱ्याला दात लागतच नाहीत, जीभ मागे वळवली की झालं.

याचं हसूही आलं असतं. पण काकांची नजर कधीच गेली होती आणि आता आठवणही विरत चालली होती. बायकोला ते ओळखायचे ते फक्त बोलण्यावरून. दात गेल्यापासून ते तिला अहोजाहो करू लागले. "बाई, आमची ही कुठे गेली हो?" असं उशाशी बसलेल्या बायकोलाच विचारायचे. काकू स्वयंपाकघरात जाऊन रडून यायच्या. जन्मभर एका घरात राहून शेवटी परकं व्हायचं, ही काय थट्टा झाली?

म्हणून कवळी करायची ठरली. कवळीवाल्याची खोली दुपारच्या उन्हात अर्धी झोपलेली असायची. वितळलेल्या मेणाचा वास, फळीवर दात विचकून बसलेले साचे. त्याची रीत अशी, की दात आधी मेणात रोवायचे, गिऱ्हाइकाच्या तोंडात बसवायचे आणि आपण समोर डोळे मिटून बसायचं. मग म्हणायला लावायचं: चाक, चोर, चूल. मग चार, चिमणी. जीभ कुठे टेकते ते हा गडी कानाने बघायचा. काकूही डोळे मिटून घेत. त्या उबेत शब्द तरंगत जात, आणि कोणता आपण बोललो नि कोणता स्वप्नात ऐकला, हेच त्यांना कळेनासं होई.

होता होता सगळी अक्षरं जागेवर आली. पक्की कवळी घालून आरशात बघतात तर काय, मोत्यांची ओळ! त्यांच्या पुढच्या दोन दातांत पूर्वी फट होती, सासरी सगळे 'शिट्टी' म्हणून चिडवायचे. कवळीवाल्याने न विचारताच ती बुजवली होती. काकू हरखून गेल्या.

घरी येऊन त्या काकांजवळ बसल्या आणि सावकाश, स्वच्छ बोलल्या. काकांनी कान देऊन ऐकलं.

"छान बोलता हो बाई तुम्ही," ते म्हणाले. "आमची ही बोलली ना, की दातांतून वारा जायचा. फार गोड वाटायचं. तिला कधी सांगितलं नाही."

काकूंची जीभ बुजवलेल्या फटीवर गेली. या माणसाला हे तरुणपणी सांगायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी त्या कवळीवाल्यापुढे जाऊन बसल्या आणि फट पाडून द्या म्हणाल्या. त्याने कपाळाला हात लावला. चांगले दात बिघडवून मागणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. कवळी तडकली तर पुन्हा श्रीगणेशा, असंही त्याने बजावलं. काकू हटल्या नाहीत. तो कानशीने हळूहळू घासत राहिला, त्या म्हणत राहिल्या: साखर, सकाळ, सावली. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. मग एका सावलीतून बारीकसा वारा सुटला, आणि त्याने कानस खाली ठेवली.

संध्याकाळी काका पलंगावर बसले होते. काकूंनी दिवा लावला. मग रोजच्यासारखं म्हणाल्या, "सरका जरा, बसू द्या."

काकांनी मान वळवली. चाचपत तिचं मनगट धरलं.

"अगं, होतीस कुठे इतके दिवस?" ते म्हणाले. "ती बाई बिचारी एकटीच सगळं करत होती."