मॅकरे साहेबाच्या बापाचा दगड

त्र्याऐंशी सालची गोष्ट. आखातातल्या मंगफच्या साइटवर एरवी भोंग्यासारखा ओरडणारा मॅकरे साहेब त्या दुपारी जेवण सोडून एक फोटो बघत बसला होता. शत्रुघ्न सुताराला राहवेना. "क्या हुआ, साहेब?"

साहेब मोडक्या हिंदीत सांगू लागला. तिकडे स्कॉटलंडात बापाच्या शेतात गोठ्याचा पाया खणताना फोटोतला हा कोरीव दगड निघाला. त्यावर मासा, आरसा, फणी. हजार-बाराशे वर्षांमागच्या पिक्ट लोकांचा म्हणे. म्युझियमवाले न्यायला आलेत, पण म्हातारा दगड सोडत नाही, पावसात तिथंच बसून राहतो. आणि साहेबाला सुट्टी नाही.

"आमच्याकडे दगड हलवायच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालतात," शत्रुघ्न म्हणाला.

बकाल्यातून, म्हणजे तिथल्या किराणा दुकानातून, नारळ आणला. फोटो सिमेंटच्या गोणीवर ठेवला. कोकणातले सगळे गडी हात जोडून उभे राहिले.

"देवाक थंयचो व्हिसो कोण देतलो?" त्यांच्यातला जगन्नाथ हसला.

"गप रे!" म्हणत शत्रुघ्नने सूर लावला. "बा देवा म्हाराजा! दगड खंयव जांव दे, पण म्हाताऱ्याक सुखरूप घरात आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गडी गरजले.

"क्या मांगा?" साहेबाने विचारलं. शत्रुघ्नने हिंदीत सांगितलं. साहेबाने हेल्मेट काढलं, बाहीने डोळे पुसले.

"फिर बोलो."

शत्रुघ्न पुन्हा बोलला. या खेपेला सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" साहेबच ओरडला.