सौदामिनीबाईंची कॉपी

हणमंतरावांना एका जागी बसवेना. नांदेडच्या दवाखान्यातल्या बाकावरून ते उठत, नंबर विचारून येत, बसत, पुन्हा उठत. शेजारी त्यांच्या पत्नी सौदामिनीबाई सुजलेली बोटं पदराखाली झाकून शांत बसल्या होत्या.

"बसा की गुमान. पायाला भिंगरी लागली का काय?" त्या म्हणाल्या.

बसायचं कसं? जेवण झालं की संधिवाताच्या गोळ्या ते स्वतः वाटीत काढून बाईंना देत. त्याच गोळ्या आज सकाळी त्यांना खडूच्या जुन्या डब्यात सापडल्या होत्या. चांगल्या पंधरा दिवसांच्या. भोकरहून निघायच्या गडबडीत भांडायलाही वेळ मिळाला नाही. एसटीत त्यांनी हळूच विचारलं, तर बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही.

"दर तपासणीच्या आधी बंद करते मी. गोळ्या खाऊन सूज उतरवायची अन् डॉक्टरला बरे हात दाखवायचे, ही कॉपीच झाली की. दुखणं हाय तसं दिसू द्या त्यांना."

हणमंतरावांनी कपाळावर हात मारला. शाळेत परीक्षेच्या वर्गाच्या दारात उभं राहून, कॉपी शोधायला पोरांचे तळहात उघडायला लावण्यात या बाईची सगळी नोकरी गेली. तालुक्यात भलेभले तिला टरकून असत. तिच्याशी वाद घालायची त्यांच्यासारख्या तहसिलातल्या निवृत्त कारकुनाची काय टाप! पण दर खेपेला सूज बघून डॉक्टर डोस वाढवत होत्या, आणि या वेळी फरक नसेल तर औषधच बदलून जास्त जालीम देऊ, असं त्यांनी बजावलं होतं. सांगावं तर ही जन्मभर तोंड बघणार नाही. न सांगावं तर हिच्या अंगात भलतंच विष जाणार.

नंबर लागला. डॉक्टर लुबनांनी बाईंची बोटं एकेक करून दाबून पाहिली.

"लागू पडत नाहीये. बदलावं लागेल," म्हणत त्यांनी पेन उचललं.

"अहो, ती घेतच नव्हती!" हणमंतराव एवढ्या मोठ्यानं बोलले की दारातली माणसं आत डोकावली. मग त्यांनी कॉपीसकट सगळं एका दमात सांगून टाकलं. बाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते दोन पावलं मागे सरले.

डॉक्टर रागावल्या नाहीत, हे जास्तच वाईट झालं.

"बाई, आजार आहे हे मला माहीतच आहे. औषध काम करतंय का, एवढंच बघायला मी बोलावते. नेमकं तेच तुम्ही मला दिसू दिलं नाही. मी आपली उगाच डोस वाढवत राहिले. आता कमी डोसवर पुन्हा सुरू करू, आणि मध्ये एक दिवसही बंद करायचं नाही."

 सौदामिनीबाईंनी उजवी करंगळी पुढे केली.

"ही सरळ होईल का?"

"ही नाही. बाकीची वाचवू."

परतताना बाई तोंड फिरवून बसल्या. हणमंतरावांनी एसटीची खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. आपलं चुकलं नाही हे पक्कं ठाऊक असूनही जीव थाऱ्यावर नव्हता.

घरी जेवणानंतर त्यांनी भीत भीत वाटी पुढे केली. बाईंनी त्यांच्यासमोरच गोळ्या गिळल्या, आ करून दाखवला आणि दोन्ही तळहात पुढे धरले.

"घ्या झडती."

बाकीची बोटं कशीबशी उघडली होती. करंगळी मिटलेलीच राहिली. ती हातात धरून हणमंतराव बसले, आणि बराच वेळ जागचे हलले नाहीत.