हळू ओढ

सीमंतिनीचे अंगठे संपत आले होते.

म्हणजे होते जागच्या जागीच. पण दर्पण कॉलनीतल्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत इतकी वर्षं लोकांच्या पाठी, माना, पोटऱ्या सोडवता सोडवता दोन्ही अंगठ्यांची मुळं अशी झिजली होती, की लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला नवऱ्याला हाक मारावी लागे. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "शिकवता ना तुम्ही? मग आता नुसतं शिकवा."

नुसतं शिकवा! जणू काठावर बसून पोहणं शिकवता येतं.

तिने मनाशी एक ठरवून टाकलं. तिच्याकडे शिकणाऱ्या सोनलच्या हाताखाली सुधाताईंचा आखडलेला खांदा सुटला, तर सगळे पेशंट सोनलच्या हवाली. नाही सुटला, तर दारावरची पाटी उतरवायची आणि स्वस्थ बसायचं. सोनलला यातलं काही माहीत नव्हतं.

*

सुटणं म्हणजे काय, ते आधी.

संत्र्याच्या फोडीवर पांढरा पापुद्रा असतो ना, तसा एक पापुद्रा माणसाच्या अंगभर असतो. कातडीखाली, प्रत्येक स्नायूभोवती, डोक्यापासून तळव्यापर्यंत सलग. मार लागला, टाके पडले, की कधी कधी तो एका जागी आखडतो. स्वेटरचा धागा खिळ्याला कमरेपाशी अडकावा आणि आवळावी बाही, तसं दुखणं मग भलतीकडेच निघतं. जिथे आखडलंय, तिथे हात ठेवायचा. जिथवर वाट मिळेल तिथवरच जायचं, आणि

थांबायचं.

एवढंच. या 'एवढंच'ला शिकवता शिकवता सीमंतिनी टेकीला आली होती.

*

सोनल निकम इथल्याच जयेंद्रगंजची. फिजिओथेरपीची पदवी घेतलेली, मनगटं हॉकी खेळलेली. पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून इकडे उत्तरेत आले ते इथलेच झाले.

"मॅडम, हमारे यहाँ मराठी बस आरती में बची है," पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं होतं. "और पापा के ग़ुस्से में."

तेव्हा वर्ग हिंदीत. सीमंतिनीची हिंदी काही कच्ची नव्हती. बाड्यावरच्या बाजारातल्या दुकानदारांना ती हिंदीतच गप्प करत असे. पण एखाद्याच्या अंगाला हात लागला, की तिला हिंदी सुचत नसे. बोटं मराठी होती, त्याला ती काय करणार!

*

सुधाताई, निवृत्त शाळामास्तरीण. बाड्यापाशी स्कूटरवरून पडल्या, कॉलरबोन मोडलं, आत धातूची पट्टी बसवली. हाड जुळलं, डॉक्टर खूश. हात मात्र कानाच्या वर जाईना.

"माझी विनिता गुणी आहे हो," त्या टेबलावर आडव्या होत सुनेबद्दल म्हणाल्या. "रोज केस विंचरते. पण अंबाडा येतो कुठे तिला? पोनी बांधते. या वयात पोनी! भाजीवाला दीदी म्हणायला लागलाय मला."

"मग चांगलंच की," सीमंतिनी म्हणाली.

"चांगलं नाही लागत मला. माझा अंबाडा मला माझ्या हाताने घालायचाय. बस."

आज शेवटचा वर्ग. सोनलने कॉलरबोनखाली, जुन्या टाक्यांच्या कडेला हात ठेवला. सीमंतिनी स्टुलावर बसली, दोन्ही हात स्वतःच्याच मांड्यांखाली दाबून. सोडले असते, तर ते आपणहून टेबलाकडे गेले असते.

"खींचो," ती म्हणाली. "पर धीरे."

सोनलने खेचलं.

"अगं ए! विहिरीतून घागर काढतेयस का?" सुधाताई कळवळल्या.

"सॉरी, आंटी."

"और धीरे."

सोनलने और धीरे खेचलं, म्हणजे घागर जरा सावकाश वर आली. तिच्या नखांची टोकं पांढरी पडली होती. नख पांढरं पडलं की समजावं, हात बोलतोय, ऐकत नाहीये. हेही सीमंतिनीने कितीदा सांगितलं होतं. पाटीचे दोन स्क्रू तिच्या डोळ्यांपुढे आले. गंजले असतील. ते काढायलाही अंगठे हवेतच.

"ऐसे नहीं, सोनल, ऐसे..." हिंदी संपली. "ओढ. हळू ओढ."

*

आणि सोनलचा हात बदलला.

बोटं सैल पडली. ओढ होती तेवढीही गेली. तळवा पसरला, आपल्या वजनाने टेकला आणि पडून राहिला. अगदी आळशासारखा. ती काहीच करत नव्हती! सीमंतिनीने रागवायला तोंड उघडलं, आणि

सुधाताई भाजीवाल्याचं पुढचं सांगत होत्या, त्या वाक्याच्या मध्येच

थांबल्या.

सुधाताई गप्प होणं ही अख्ख्या लश्कर भागात बातमी झाली असती. त्यांनी पोटातून एक लांब श्वास सोडला. सीमंतिनी पुढे वाकली. सोनलच्या तळव्याखालची कातडी सरकत होती. कुणी न सरकवता. कोमट दुधावरची साय भांडं कलतं केल्यावर सरकते, तशी, टाक्यांकडून काखेकडे. आणि हात तिच्यामागून चालला होता, पुढे न जाता.

"मॅडम," सोनल कुजबुजली, "ये तो अपने आप..."

"बोलू नकोस. जा तिच्याबरोबर."

*

सुधाताई उठून बसल्या. हात वर नेला. कानापर्यंत. कानाच्या वर. मग मागे, मानेपर्यंत. पोनीचं रबर ओढून काढलं, केस पिळले, गुंडाळले, आकडा खोचला. अंबाडा क्षणभर टिकला आणि डावीकडे कलून खाली आला.

"अर्धा," त्या म्हणाल्या. आरशात बघून पुन्हा म्हणाल्या, "अर्धा का होईना, माझा आहे." आणि सोनलच्या गालावर चापट मारली. "घागर राहिली ना गं विहिरीत? बरं झालं."

रिक्षा बोलवून त्या गेल्या. विस्कटलेला अंबाडा मिरवत.

*

"काय केलंस तू?"

"जो आपने बोला." सोनल बावरली. "आपने कहा, ओढ़."

"मी म्हटलं, ओढ. म्हणजे खेच. खींच."

"खींच?" सोनलने कपाळाला हात लावला. "मैंने सोचा ओढ़, जैसे चादर ओढ़ते हैं! तो मैंने हाथ को ऐसे... ओढ़ा दिया."

सीमंतिनी हसायला लागली. मग मध्येच हसायची थांबली.

ओढ. तिच्या ओढीत दोरी होती, रहाट होता, माहेरही होतं. सोनलच्या ओढमध्ये थंडीच्या दिवसांतली गोधडी होती. उच्चार जवळपास एकच. मग इतकी वर्षं आपल्या हातांनी यातलं नेमकं काय केलं? लोक बरे होऊन जात होते, हे खरं. पण खेचण्याने, की पांघरण्याने? तिने हातांना कधी विचारलंच नव्हतं.

तिने उजवा हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. मनात म्हणाली, ओढ. अंगठा आपोआप आत रुतला, आणि मुळापाशी ती ओळखीची कळ आली. हात उचलला. पुन्हा ठेवला. आता मनात सोनलचा शब्द, चादरीचा. अंगठा बोटांच्या शेजारी येऊन निजला. कळ आली नाही.

पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच.

म्हणजे अंगठे कामाने झिजले, की

एका शब्दाने?

पण गुडघा आपलाच, हातही आपलाच. दोघं संगनमताने काहीही सांगतील. आणि सोनलचा हात? त्याला आज समजलं होतं, की नुसती ठेच लागून वाट सापडली होती? पाटीचा निकाल त्यावर होता. तो बाहेरून बघून लागणार नव्हता.

ती उठली, चप्पल काढली आणि टेबलावर आडवी झाली. अर्धं लश्कर या टेबलावर झोपून गेलं होतं. ती स्वतः कधीच नाही. छताला पोपडे आले आहेत, हेही तिला आज कळलं.

"इथे," तिने अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं. "ओढ."

"कौन-सा वाला, मॅडम? मराठी या हिंदी?"

"ते मी सांगेन. तू हात ठेव."

सोनलने हात ठेवला. आधी काहीच नाही. नुसती ऊब. रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. मग कोपरापाशी काहीतरी हललं, इतकं बारीक की तिला वाटलं, आपण कल्पना करतोय. मग ते अंगठ्याकडे यायला लागलं.

"मंगळवारी सुधाताई येतील," सीमंतिनी डोळे न उघडता म्हणाली. "त्या तुझ्या. त्यांच्यामागचेही तुझेच. मी स्टुलावर बसेन."

सोनलचा हात एकदम दचकला. पण उचलला गेला नाही, की दाबलाही गेला नाही.

"मॅडम... और ये? कौन-सा था?"

"थांब," सीमंतिनी म्हणाली. "हळूहळू कळतंय."