अनुभव : निरंक

मी एक जुना टाइपरायटर आहे. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम एका कपाटाच्या माथ्यावर आहे. तिथून खालचे सगळे दुकान दिसते. अंगावर धूळ साचली आहे, रिबन वाळून दोरी झाली आहे. पण झाले ते सगळे मला लख्ख आठवते.

कारखान्यात माझी अक्षरे एकेक करून पोलादी दांड्यांवर बसवली गेली. त्यातला 'ळ' ओळीच्या किंचित वर बसला. तपासणाऱ्याने चष्मा कपाळावर सारून पाहिले आणि 'चालतंय' म्हणत मला पुढे सरकवले.

मला विकत घेतले एका टायपिस्टने. सगळे त्याला काका म्हणत. सरकारी भरती कचेरीच्या समोर त्याचे अरुंद दुकान होते. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीलगत गिऱ्हाइकांसाठी बाक. नोकरीची जाहिरात लागली की बायोडाटा करून घ्यायला रीघ लागे. काका मन लावून काम करी.

"जाहिरातीत जे मागितलंय ते आधी लिहायचं," तो सांगे. "नाव दाखल्यावर आहे तसंच. आणि खोटं एक अक्षर नको. छंद वाचन लिहू म्हणता? सगळेच लिहितात. शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंत ते आधी सांगा."

माणसे हसत, ओशाळत, खरे सांगत. माझे स्वच्छ काळे ठसे पाहून खूश होत. ते दिवस कौतुकाचे होते.

अशा गर्दीत एक तरुण येई. काखेत फाईल, मान खाली. काका त्याला फाईलवाला म्हणे. तो आला की माझ्या दांड्या गारठत आणि काकाला बोटांवर फुंकर मारावी लागे, भर उन्हाळ्यातसुद्धा. नाव, वडिलांचे नाव, शिक्षण हे सगळे तो हलक्या आवाजात सांगे. अनुभव विचारला की म्हणे, "निरंक." मग कागद घेऊन समोरच्या कचेरीच्या पेटीत टाकायला जाई.

एकदा वय टाइप करताना काकाची बोटे थांबली.

"अहो, मागच्या वेळी हेच वय होतं. त्याच्या आधीही हेच."

"तेवढंच आहे," फाईलवाला म्हणाला.

काकाने तेच वय पुन्हा टाइप केले.

मग एका दुपारी एक मुलगी दुकानात आली. हातात मुलाखतीचे बोलावणे आणि त्याला जोडलेला बायोडाटा होता. तिने तो टेबलावर ठेवला आणि 'ळ'वर बोट टेकवले.

"हा वर चढलेला ळ तुमच्याच मशीनचा ना? बाहेर पाटीवर लावलेल्या तुमच्या नमुन्याच्या कागदावरही तसाच आहे."

"माझाच," काका म्हणाला. "काय झालं?"

"माझ्या दादाच्या नावानं कोण अर्ज करतंय? दादा गेला, काका. तापाचं निमित्त झालं. आम्ही सावरत होतो, तेवढ्यात हे बोलावणं आलं. आईनं त्याचा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावलाय. म्हणते, मुलाखत झाली की येईल घरी. जेवत नाही ती आता, दाराकडे बघत बसते."

काकाने दादा दिसायला कसा होता ते विचारले. तिने सांगितले. ऐकता ऐकता काकाची नजर फाईलवाला बसे त्या बाकाकडे गेली.

"सोमवारी नवी जाहिरात लागतेय," तो म्हणाला. "तू ये. घाबरू नकोस. मीच घाबरलोय तेवढं पुरे."

सोमवारी ती येऊन बाकावर बसली. थोड्या वेळाने फाईलवाला आला आणि तिच्या शेजारी बसला. तिला तो दिसला नाही. तिने फक्त ओढणी अंगाभोवती घट्ट लपेटली. काकाने माझ्यात कागद चढवला आणि नेहमीसारखे एकेक विचारू लागला. तिला काकाचे प्रश्न आणि माझी टकटक एवढेच ऐकू येत होते.

"अनुभव?" काकाने विचारले. थोडा थांबला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "निरंक म्हणतो. दरवेळी हेच म्हणतो."

मुलगी बाकाच्या कडेवर पुढे सरकली.

"निरंक कसं?" ती म्हणाली. "बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना रोज आंघोळ कोण घालायचं? मला गणित कोणी शिकवलं? शेजारच्या आजोबांची पेन्शन अडली, तेव्हा कचेरीत खेपा कोणी घातल्या? लिहा ना हे. मी सांगते, तुम्ही लिहा."

काका लिहू लागला. ती एकामागून एक सांगत राहिली. फाईलवाल्याने पहिल्यांदाच मान वर केली आणि बहिणीकडे पाहिले.

"हे चालतं का बायोडाट्यात?" त्याने विचारले.

"खरं आहे ना? मग चालतं," काका म्हणाला.

पान भरले. फाईलवाल्याने ते उभ्या उभ्या वाचले आणि फाईलमध्ये न घालता बहिणीच्या मांडीवर अलगद ठेवले. कागद आपणहून आलेला पाहून ती दचकली, पण तिने तो घट्ट धरला. फाईलवाला बाहेर पडला. कचेरीकडे गेला नाही. उलट दिशेने, रस्त्याच्या टोकाकडे चालत गेला. माझ्या दांड्या हळूहळू कोमट झाल्या.

तो पुन्हा आला नाही. मुलीने येऊन सांगितले, आईने ते पान वाचले आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदाच रडली. मग जेवली.

पुढे काका थकला, गेला. त्याची लेक दुकानात कॉम्प्युटर घेऊन बसली आणि मी कपाटावर चढलो. आता बायोडाटे पटापट निघतात. सगळे एकाच साच्याचे. मला कुणी झाकणही घालत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे सांगायला आमच्यासारखे नेहमीच सांगतात. मीही सांगतो, पण माझ्या सांगण्यात घाई आहे. गेल्या आठवड्यापासून बाकावर एक बाई येऊन बसते. मांडीवर पिशवी, पिशवीत प्रमाणपत्रे. गिऱ्हाइके थेट तिच्या जागेवरच बसतात आणि शहारून पंखा कमी करायला सांगतात. लेक विचारते, "पुढचं कोण?" बाई हात वर करते. नंबर दुसऱ्याच कुणाचा लागतो.

काल तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

मला खाली उतरवा. दांड्यांना थोडे तेल घाला, नवी रिबन लावा. आणि कुणीतरी माझ्यासमोर बसून तिला तिचे नाव विचारा.